श्यामची चोरी पुसू नका

प्रति,
बालकथाकथन स्पर्धेची आयोजन समिती,

सप्रेम नमस्कार.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका. सरकारी मराठी शाळांत ३१ वर्षं शिकवलं, त्यातली ११ वर्षं एकशिक्षकी शाळेत. निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी दुपारी वाड्यावरची, म्हणजे आमच्या वस्तीतली मुलं माझ्या पडवीत जमतात. आम्ही गोष्टी वाचतो, सांगतो, पाऊस नसला तर अंगणात खेळतो. तुमच्या स्पर्धेला मी गेली सहा वर्षं मुलं पाठवते आहे. समितीचं नाव मी या पत्रात घेत नाही. कुणाची बदनामी करायची नाही आणि पत्र तुमच्यापर्यंत पोचेल याची मला खात्री आहे. पण ते सगळ्यांनी वाचावं, विशेषतः माझ्यासारख्या शिक्षकांनी आणि आईबापांनी वाचावं, म्हणून ते उघडपणे लिहिते आहे.

नोव्हेंबरात तुमची तालुका फेरी झाली. यंदाचा विषय होता साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तला एक प्रसंग. माझ्याकडची चौथीतली एक मुलगी ‘मोठा होण्यासाठी चोरी’ हा प्रसंग घेऊन उभी राहिली. तो तिने स्वतः निवडला होता, मी सुचवला नव्हता. पाच मिनिटांची वेळ होती. दुसरं मिनिट संपत आलं असताना परीक्षकांपैकी एकांनी हात वर करून तिला थांबवलं आणि म्हणाले, “बाळ, श्यामचा एखादा चांगला प्रसंग येतो का तुला?” तिने मान हलवली. येत होता की नव्हता, मला माहीत नाही. ती खाली उतरली आणि सगळा वेळ चपलेचा बंद चाळवत माझ्याशेजारी बसून राहिली.

त्यानंतर दहा दिवसांनी तुमचं पत्रक आलं. त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं देते : “नायकाच्या ठायी भय, असत्य, चोरी, क्रोध, लज्जा असे दोष दिसतील असे प्रसंग यापुढे सादर करू नयेत.” सोबत शाळांसाठी काढलेली पुस्तिका होती. मूळ पुस्तकात ४२ रात्री, म्हणजे प्रकरणं आहेत, तुमच्या पुस्तिकेत १५ प्रसंग आहेत. मी ती दोनदा वाचली. तिच्यातल्या श्यामला मी ओळखत नाही.

आता माझा यात काय संबंध ते सांगते. हे मी माझ्या मुलांनाही फार उशिरा सांगितलं.

मी नऊ वर्षांची होते. गोवा मुक्त होऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती आणि पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या राजवटीत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या होत्या. आमची शाळा देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेत भरायची. एप्रिल महिना होता, काजूचा हंगाम. आजी रोज संध्याकाळी बिया अंगणात वाळत घालायची आणि वाळल्या की गोणीत भरून आतल्या काळोख्या खोलीत ठेवायची. त्या गोणीतून मी फ्रॉकच्या ओच्यात मावतील एवढ्या बिया काढल्या आणि नाक्यावरच्या दुकानात विकल्या. त्या पैशांची रंगीत खडूंची पेटी घेतली आणि गोठ्यात गवताच्या भाऱ्यामागे लपवली. सहा रंग होते. हिरवा आणि पिवळा अजून डोळ्यांसमोर आहेत, कारण त्या दोनच खडूंनी मी चित्र काढलं होतं. बाकीचे चार वापरायचा धीर झाला नाही.

आजीचा हातच तराजू होता. गोणी उचलताक्षणी तिला कळलं. ती मला काही बोलली नाही, माझ्यावर तिला संशयच आला नाही. बोलली ती कामेरीला. सकाळी बिया वेचायला यायची ती बाई. तिचा लुगड्याचा काष्टा, हातातलं दाभण लावलेलं लांब दांडकं आणि डोक्यावरची पाटी मला आजही दिसते. आजीने तिला चार माणसांत विचारलं. ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मी खांबाला टेकून उभी होते, गप्प.

त्याच आठवड्यात, शनिवारच्या शेवटच्या तासाला, मास्तरांनी श्यामच्या चोरीची गोष्ट वाचली. त्यांनी ती मुद्दाम निवडली नव्हती. रोज एक रात्र असा क्रम चालला होता आणि त्या दिवशी हिची पाळी होती. श्यामला पुस्तकं हवी असतात. वाचून मोठं व्हायचं असतं. त्यासाठी तो दुसऱ्याच्या पैशांना हात लावतो. आईला खात्री असते की आपला श्याम असलं काही करणार नाही, आणि नेमकी ती खात्री त्याला सोसत नाही. माझे कान तापले. वर्गातले सगळे माझ्याकडे बघताहेत असं वाटलं. कुणी बघत नव्हतं.

मी त्याच दिवशी कबूल केलं असं लिहिलं तर गोष्ट छान होईल, पण तसं झालं नाही. मला आणखी तीन दिवस लागले. तिसऱ्या रात्री आजीच्या कुशीत झोपले असताना सांगितलं. आजीने मला मारलं नाही. सकाळी पेटी हातात द्यायला लावून ती मला चालवत कामेरीच्या घरी घेऊन गेली आणि तिच्यासमोर सगळं सांगायला लावलं. कामेरी आजीकडे बघत राहिली. मला तिने पितळेच्या तांब्यातून पाणी दिलं. पुढच्या हंगामात ती परत कामाला आली, पण आमच्या घरात ती पुन्हा कधी पाणी प्यायली नाही.

समितीतल्या ताई-दादांनो, मी त्या गप्प बसण्यातून बाहेर आले ती श्यामनेही असं केलं होतं एवढ्या एका आधारावर. मास्तरांनी त्या दिवशी पहाटे उठून आंघोळ करणाऱ्या, सर्वांशी गोड बोलणाऱ्या, कधीच न चुकणाऱ्या श्यामची गोष्ट वाचली असती तर मी ती बाकीच्यांबरोबर ऐकली असती आणि घरी गेले असते. पेटी गवतामागेच राहिली असती. असा मुलगा माझ्यासारखीला तोंड कसं दाखवणार, किंवा मी त्याला कसं दाखवणार, हाच प्रश्न उरला असता.

म्हणून मी तुमच्या पुस्तिकेतले बदल एकेक करून तुमच्यासमोर ठेवते.

चोरीचा प्रसंग तुम्ही पूर्ण गाळलात. यावर मी वर जे लिहिलं त्याहून जास्त काही लिहीत नाही. फक्त शिक्षिका म्हणून पाहिलेली एक गोष्ट सांगते. ३१ वर्षांत हा प्रसंग मी बहुधा प्रत्येक वर्षी वाचला. ‘चोरी अशी करायची’ हे त्यातून शिकलेलं एकही मूल मला भेटलं नाही. गोष्ट संपल्यावर मुलं एकच प्रश्न विचारतात, आणि तो कोकणीतून विचारतात, कारण मनातलं ती घरच्या भाषेतच बोलतात : “टीचर, मागीर ताणें पैशे परत दिले?” मुलांना परत देण्याची काळजी पडलेली असते. आणि कधी कधी मधल्या सुट्टीनंतर वर्गातली एखादी हरवलेली पेन्सिल, खोडरबर, एकदा तर पाच रुपयांचं नाणं, टेबलावर येऊन पडलेलं असायचं. कुणी ठेवलं ते मी कधी विचारलं नाही.

पोहण्याच्या प्रसंगाचं तुम्ही जे केलंत त्याचा मला जास्त त्रास झाला, कारण तो गाळला नाही, बदलला. तुमच्या पुस्तिकेत वाक्य आहे : “आईच्या सांगण्यावरून श्याम आनंदाने पोहायला शिकला.” मूळ श्याम पाण्याला घाबरतो. पोरं बोलवायला येतात तेव्हा माळ्यावर जाऊन लपतो. आई त्याला शिंपटीने मारते, तो रडत रडत विहिरीवर जातो, घरी येतो तो रुसूनच. मग आई त्याला जवळ घेऊन सांगते की आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हटलेलं तिला सहन होणार नाही. तुम्ही भीती काढलीत, माळा काढलात, शिंपटी काढलीत, रुसवा काढलात. विहीर तेवढी ठेवलीत.

मार काढण्यामागचं तुमचं कारण मला समजतं, आणि त्यावर मी तुमच्याशी भांडायला बसलेले नाही. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करायला बंदी आहे. कायदा यायच्या आधीही मी वर्गात छडी ठेवली नव्हती. श्यामच्या आईने मारलं ते बरोबर केलं, असं मी मुलांना कधी सांगितलं नाही. मी त्यांना विचारायची. एका वर्षी तिसरीच्या वर्गात यावरून अर्धा तास वाद झाला. निम्मी मुलं म्हणाली आईचं बरोबर, निम्मी म्हणाली चूक. शेवटच्या बाकावरचा, कधीच न बोलणारा एक मुलगा म्हणाला, “तिने त्याला विहिरीवर स्वतः नेलं असतं तर?” हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. तो मुलगा स्वतः अंधाराला घाबरायचा, शौचालयात एकटा जायचा नाही. त्या दिवसानंतर लगेच जाऊ लागला असं काही नाही. पण मला बरोबर चल म्हणून त्याने पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं. आधी तो नुसता ओला होऊन बसायचा. प्रसंग गाळला असता तर हा वाद कुठे झाला असता, आणि त्या मुलाने तोंड कशावर उघडलं असतं?

वटसावित्रीच्या प्रसंगातही हेच झालं आहे. आई तापाने अंथरुणावर, वडाला प्रदक्षिणा घालायला ती श्यामला पाठवते आणि त्याला बायकांमध्ये जायची लाज वाटते. मुलं हसतील, लोक नावं ठेवतील. तुमच्या पुस्तिकेत तो इथेही “आनंदाने” जातो. फुलांच्या प्रसंगात दुसऱ्या कुणाला मिळू नयेत म्हणून आदल्या संध्याकाळीच कळ्या खुडण्याची हाव आहे. पुस्तिकेत तो पहाटे उठून फुलं वेचतो. मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. १५ प्रसंगांत “आनंदाने” हा शब्द २२ वेळा आला आहे.

आणि या सगळ्यात आईचं काय झालं बघा. पुस्तकाचं नाव तिच्यावरून आहे. तळपायाला घाण लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या मुलासाठी ती पदर पसरते, मग मनालाही तसंच जप म्हणून सांगते. हट्टच नसेल तर ती पदर कशाला पसरेल? लाजच नसेल तर सत्कर्माची लाज धरू नको, हे ती कुणाला सांगेल? तुमच्या पुस्तिकेत ती दर प्रसंगाच्या शेवटी “शाब्बास” म्हणते. एवढंच तिचं काम उरलं आहे.

मोळीचा प्रसंग गाळण्याचं कारण तुम्ही पत्रकात दिलेलं नाही, पण ते ओळखता येतं. अस्पृश्य समाजातली एक म्हातारी, तिची पडलेली मोळी, आई श्यामला सांगते जा, तिच्या डोक्यावर उचलून दे. आणि वर सांगते, घरी आलास की आंघोळ कर. हा प्रसंग वर्गात शिकवणं सोपं नाही. माझ्या वर्गात ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ते सोसलं अशी मुलं होती आणि ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ते केलं अशीही होती, एकाच बाकावर. “मग आंघोळ कशाला?” हा प्रश्न दर वर्षी आला. मी सांगायची की आई चांगली होती आणि तरी तिलाही ती भिंत पूर्ण ओलांडता आली नाही. श्याम म्हणजे स्वतः साने गुरुजी. कोकणातल्या त्याच पालगडच्या घरात वाढलेला मुलगा पुढे मोठा होऊन १९४७ साली पंढरपूरला उपोषणाला बसला, विठोबाचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून, आणि ते उघडलं. मुलांना हे दोन्ही एकत्र ऐकवलं पाहिजे. उपोषण तुम्ही पुस्तिकेच्या मुखपृष्ठामागे लेखक-परिचयात घातलं आहे. मोळी नसेल तर ते उपोषण मुलांना नुसती सनावळी वाटणार.

कर्जाचे प्रसंगही तुम्ही “नकारात्मक” म्हणून वगळले आहेत. सावकाराचा तगादा, जप्ती, चारचौघांत होणारा अपमान. आमच्या तालुक्यात याचा अर्थ काय होतो ते मी सांगते. २०१२ साली लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. ज्यांनी बँकेचं कर्ज काढून खनिज वाहायला ट्रक घेतले होते त्यांच्या अंगणात ते ट्रक उभेच्या उभे राहिले, पावसाळ्यात चाकांभोवती गवत वाढलं. पुढे थोडं सुरू झालं आणि २०१८ साली पुन्हा बंद. त्या वर्षांत माझ्या वर्गातल्या मुलांच्या डब्यातला फरक मला दिसायचा. तेव्हा ‘अब्रूचे धिंडवडे’ वाचताना एक मुलगी म्हणाली, बँकेचा माणूस आला की आमचे पप्पा मागच्या दाराने बाहेर जातात आणि मम्मी सांगते ते घरी नाहीत. वर्गात कुणी हसलं नाही. आणखी दोघांनी हळूच मान हलवली. त्या तिघांना तोपर्यंत वाटत होतं की हे फक्त आपल्याच घरी होतं. श्यामच्या घरीही झालं होतं. तो नकारात्मक प्रसंग त्यांना त्या दिवशी सोबतीसारखा होता. हे तुम्ही मुलांपासून काढून घेता आहात.

आई जाते तेव्हा श्याम जवळ नसतो, हेही तुमच्या पुस्तिकेत नाही. ज्यांचे आईवडील बोटीवर किंवा आखातात आहेत अशी मुलं गोव्यातल्या कुठल्याही शाळेत आहेत. मी एवढंच लिहून पुढे जाते.

तुमच्यापैकी एका सदस्यांशी मी फोनवर बोलले. ते अतिशय सौजन्याने बोलले, त्याबद्दल आभार. त्यांचं म्हणणं असं होतं की मराठी शाळांचा पट आधीच घसरतो आहे, पालक इंग्रजी शाळांकडे वळताहेत, अशा वेळी आपली मुलं व्यासपीठावर चोरीच्या आणि रडारडीच्या गोष्टी सांगताना दिसली तर लोक काय म्हणतील. आपल्या भाषेतून उत्तम आदर्श पुढे यायला हवेत. पट घसरल्याचं दुःख मला त्यांच्याहून कमी नाही. मी ज्या एकशिक्षकी शाळेत ११ वर्षं होते तिला आज कुलूप आहे, व्हरांड्यात शेळ्या बसतात. पण मराठीवर प्रेम बसायला मुलांना त्या भाषेत स्वतःचं मन सापडावं लागतं. मला ते श्यामच्या चोरीत सापडलं म्हणून मी मराठीची शिक्षिका झाले. माझ्या घरी कोकणी बोलत. मराठी माझ्याकडे पुस्तकातून आली, देवळातल्या भजनातून आली, चवथीच्या आरत्यांतून आली, पण ती माझी झाली ती त्या शनिवारी.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या नजरेतून सुटली असं मला मनापासून वाटतं. या पुस्तकात श्यामचे दोष दुसरं कुणी सांगत नाही. मोठा झालेला श्याम आश्रमात रात्रीच्या प्रार्थनेनंतर मित्रांसमोर बसून स्वतः सांगतो. मी भित्रा होतो, मी चोरी केली, मला लाज वाटली, मी आईवर रुसलो. साने गुरुजींनी यातलं बहुतेक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, अवघ्या पाच दिवसांत. देशासाठी तुरुंगात गेलेला माणूस, तोवर लोक त्यांना मानू लागले होते. त्या तुरुंगात बसून त्यांना आपले पराक्रम लिहिता आले असते. त्यांनी आपला माळा लिहिला, आपली चोरी लिहिली. ज्या गोष्टी त्यांनी स्वतःहून जगासमोर ठेवल्या त्या त्यांच्याच नावाच्या स्पर्धेत झाकून ठेवण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला?

माझ्या मागण्या अशा आहेत.

पत्रकातलं ते वाक्य मागे घ्या. “यापुढे सादर करू नयेत” याच्या जागी कोणताही प्रसंग चालेल असं लेखी कळवा, म्हणजे शाळा निर्धास्त होतील. सध्या दोन शाळांनी मुलांचे प्रसंग बदलायला सांगितल्याचं पालकांकडून कळलं आहे आणि अंतिम फेरी जानेवारीत आहे, तेव्हा हे लवकर व्हावं.

पुस्तिका शाळांतून परत मागवा, किंवा निदान तिच्यावर ‘श्यामची आई’ हे नाव छापू नका. नवी काढायची असेल तर प्रसंग कमी घ्या, पण मुळातले शब्द ठेवा. लहानांना अवघड वाटतील तिथे शिक्षक समजावून सांगतील. पगार आम्हाला त्याचाच मिळत होता. पोहण्याच्या आणि मोळीच्या प्रसंगाखाली मुलांना विचारायचे दोन-तीन प्रश्न द्या. ते तयार करायला मी विनामोबदला बसेन, आणखीही शिक्षक येतील.

गुणपत्रिकेत ‘प्रसंगाची आदर्शता’ असा दहा गुणांचा रकाना आहे. तो काढा. उच्चार, पाठांतर, हावभाव, समज यांना गुण द्या. मूल कोणत्या प्रसंगाने हललं यावर गुण कापू नका.

समितीत सध्या वर्गात शिकवणारे निदान दोन प्राथमिक शिक्षक घ्या. तुमच्या सातजणांच्या यादीत मला एकही दिसला नाही.

आणि त्या मुलीला पत्र लिहा. जाहीर माफी नको, कुणाला खाली बघायला लावायचं नाही. चार ओळी पुरेत, की तिला मध्येच थांबवायला नको होतं. तिने तो प्रसंग का निवडला हे मी तिला अजून विचारलेलं नाही आणि तुम्हीही विचारू नका. चौथीतल्या मुलीची कारणं तिची असतात. त्या फेरीनंतरचे दोन शनिवार ती आली नाही. तिसऱ्या शनिवारी आली, मागे बसली, आणि दुसरी मुलं गोष्ट सांगत असताना तिचे ओठ हलत होते. ती तिथपासून पुढचं म्हणत होती, जिथे तिला थांबवलं होतं.

२४ डिसेंबरला साने गुरुजींचा जन्मदिवस आहे. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता माझ्या पडवीत ती तो प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगणार आहे. वेळेचं बंधन नाही, घंटा नाही. वाड्यावरची माणसं येतील, तिची आजी येईल. तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी यावं, ही आग्रहाची विनंती. खुर्च्या चारच आहेत, त्या वयस्कर माणसांसाठी ठेवल्या आहेत. बाकीच्यांसाठी चटया घालू. तिला ज्यांनी थांबवलं ते परीक्षक आले तर मला फार बरं वाटेल. त्यांच्यासाठी पुढची जागा ठेवते.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
डिचोली, गोवा